तीन थेंब पाणी

३ सप्टेंबर, मंगळवार

निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं होतं, आता लिहिणं बास. चौतीस वर्षं पाळी संपली की पुढच्या सिस्टरसाठी वहीत लिहीत आले. कोणाला ताप, कोणाचं सलाइन चालू, कोणाच्या आईला रडू आवरत नाही. आज ह्यांच्या कपाटातली एक कोरी वही काढली. कोणासाठी लिहितेय ते माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय हात थांबेनात.

काल दुपारी दोन दहाला सूनबाई मोकळी झाली. मुलगी. अकरा आठवडे आधी. वजन एक हजार एकशे दहा ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीय, तोंडात नळी, बेंबीत नळी. लेक बाहेर येऊन म्हणाला, "आई, एवढासा ठिपका आहे गं." तेव्हापासून सगळे तिला ठिपकाच म्हणतात.

ज्या वॉर्डात ती आहे तिथे मी अकरा वर्षं इनचार्ज होते. एक हजार एकशे दहा म्हणजे काय ते मला कळतं. म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी तोंडाला इस्त्री करून बसलेय.

५ सप्टेंबर, गुरुवार

आजी-आजोबांना आत सोडायचा नियम नाही. आताची इनचार्ज माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं मला रोज दुपारी दहा मिनिटं दिली. "मॅडम, नियम तुम्हीच केलाय, मोडणार मी," असं म्हणाली आणि हसली. कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला, आत गेले. ठिपका एक हजार वीसवर आलीय. पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच.

बाहेरच्या बाकांवर आमचे व्याही मोठ्यानं प्रार्थना करत होते. मोठ्यानं म्हणजे रखवालदार धावत आला इतक्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्याही म्हणजे रस्त्याच्या खालच्या मंडळीचे पाळक. आमचं दगडी चर्च वरच्या टोकाला, त्यांचं सभागृह खालच्या टोकाला, जुन्या गोदामात. आम्ही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतो, कपाळावर पाणी ओतून. ते देत नाहीत. माणूस मोठं होऊन स्वतः मागेल तेव्हाच, टाकीत अख्खं बुडवून. आम्ही छापील प्रार्थना म्हणतो, ते सुचेल ती. एवढ्यावरून चाळीस वर्षं एकमेकांकडे न बघता चालतोय. लेकाच्या लग्नात व्याही म्हणाले होते, "तुम्ही आमच्या पोरांवर पाणी शिंपडाल ना, म्हणून आमची माणसं तुमच्या फाटकापुढून उन्हातसुद्धा छत्री घेऊन जातात." सगळे हसले. मीही हसले.

आता दीड वर्ष दोन्ही मंडळ्यांची समिती बसतेय. करार व्हायचाय: भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाचं मेज एक, आजारी-म्हाताऱ्यांची सेवा एक, उपासना ज्याची त्याची. आमचे तरुण पाळकसाहेब म्हणतात, "एक व्हायचं, एकसारखं नाही." आमचे हे समितीचे चिटणीस. मतदान दहा नोव्हेंबरला.

लग्नाच्या वेळीच ठरलं होतं: मूल झालं तर बाप्तिस्म्याचं आईबाप बघतील. सूनबाईला मूल मोठं होईपर्यंत थांबायचंय. लेक तिच्याबरोबर. मी तेव्हा मान डोलावली होती.

९ सप्टेंबर, सोमवार

जंतुसंसर्ग. सकाळपासून दोनदा श्वास थांबला. पुन्हा व्हेंटिलेटरवर. डॉक्टर म्हणाले, अठ्ठेचाळीस तास. हे वाक्य मीही किती जणांना सांगितलंय.

पाळकसाहेब आले, बाकावर बसून हळू आवाजात प्रार्थना म्हणाले. जाताना मी त्यांना जिन्यात गाठलं. विचारलं, "समजा एखादं बाळ जायला टेकलंय, आणि आईबाप तयार नाहीत, तर?"

ते म्हणाले, "तर नाही, सिस्टर."

"बाळाचं काय?"

"बाळ देवाच्या हातात."

हे सगळे म्हणतात. मग आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात मरणासन्न बाळासाठी वेगळं पान कशाला छापलंय?

लेकाला कोपऱ्यात घेतलं. तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "आई, तो विषय नको. हात जोडतो, आत्ता नको."

१० सप्टेंबर, मंगळवार

दुपारचे तीन. आत गेले तेव्हा ऑक्सिजनचं सॅच्युरेशन बहात्तर होतं. बघता बघता चौसष्ट, मग एकसष्ट. नाडी ऐंशी. इनचार्ज आणि दुसरी सिस्टर धावत आल्या, नळी साफ केली, हातपंपानं श्वास दिला, सत्तरवर आणलं. तेवढ्यात पलीकडच्या पेटीचा गजर वाजला. दोघी तिकडे वळल्या.

ट्रॉलीवर डिस्टिल्ड वॉटरची कुपी होती. मी ती मोडली. पेटीची खिडकी उघडली. तीन थेंब. कपाळ एवढंसं की तिसरा थेंब कानाकडे ओघळला, तो कापसानं टिपला. नाव ठेवलेलं नाही, म्हणून ठिपका म्हटलं. ठिपके, मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं. दहा सेकंदही लागले नाहीत. कुपी खिशात.

कोणी पाहिलं नाही. वळले तर काचेबाहेर सूनबाई चाकाच्या खुर्चीत बसलेली. तिचं लक्ष मॉनिटरवर होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

ताप उतरला. सॅच्युरेशन ब्याण्णव. डॉक्टर म्हणतात नवं अँटिबायोटिक लागू पडलं. व्याही म्हणतात प्रार्थना. मी अँटिबायोटिकच्या बाजूनं आहे, आणि तसं म्हणालेसुद्धा. पाण्यानं बाळ बरं होतं असं मी कधीच मानलं नाही. ते पाणी बरं होण्यासाठी नव्हतंच.

सूनबाईला डबा द्यायला गेले. जेवता जेवता तिनं विचारलं, "आई, परवा तुम्ही आत तिच्याशी काय बोलत होतात?"

"काही नाही गं. आजी-नातीचं."

तिनं घास हातातच धरून ठेवला. "आणखी काही?"

"आणखी काय असणार?"

"बरं," म्हणाली. डबा अर्धा परत आला. बाळंतिणीचं मन असं होतंच पंधरवडाभर. मी लेकाला सांगितलं, तिला जप.

२२ सप्टेंबर, रविवार

ठिपका व्हेंटिलेटरवरून उतरली. एक हजार तीनशे. आता आईचं दूध नळीनं जातंय.

उपासनेहून आल्यावर ह्यांनी कराराचा मसुदा मोठ्यानं वाचला. चुका ऐकून कळतात म्हणतात. बाराव्या कलमाशी आले. "बाप्तिस्म्याच्या बाबतीत प्रत्येक मंडळी आपल्या रीतीनं चालेल, आणि दुसऱ्याच्या लेकराबाबत त्याच्या आईबापाच्या विवेकाचा मान राखेल." ह्या एका वाक्यासाठी चार महिने भांडलेत. खालच्या मंडळीतला सुतार, ज्यानं त्यांची टाकी बांधली, तो प्रत्येक बैठकीत उभा राहून म्हणायचा, "हे लोक आपल्याला गिळणार. आधी मेज एक म्हणतील, मग आपल्या पोरांच्या डोक्यावर पाणी." व्याह्यांनी दर वेळी त्याला खाली बसवलं. म्हणाले, "मी त्यांच्या घरात मुलगी दिलीय. मी ओळखतो त्यांना."

"कसं वाटतंय?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दूध उतू जातंय वाटतं." दूध गॅसवर नव्हतंच.

आमचा नियम असा की असा तातडीचा बाप्तिस्मा झाला की पाळकांना कळवून नोंदवहीत घ्यायचा. नोंद नसेल तर उद्या कोणीतरी पुन्हा देईल, आणि बाप्तिस्मा दोनदा होत नाही. म्हणजे ठिपका अठरा वर्षांची होऊन तिच्या आजोबांच्या टाकीत उतरली, तर मी गप्प बसून बघणार? आणि बोलले तर अठरा वर्षांनी बोलणार? मी हिशेब घालत बसते, वयाचे. तेव्हा मी एक्क्याऐंशीची असेन. कदाचित नसेनच. हा विचार आला आणि हलकं वाटलं, आणि मग हलकं वाटल्याची लाज.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज चाळीस वर्षं झाली. ह्यांनी आठवण काढली नाही, मीही नाही. सकाळी दोघंही उगीचच लवकर उठलो. ह्यांनी सायकलची चेन साफ केली. ती गेल्या महिन्यातच केली होती.

६ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं. उपासनेनंतर पाळकसाहेबांना थांबवलं आणि एका दमात सांगून टाकलं. ते झगा काढत होते. अर्धा डोक्यात अडकलेला तसाच राहिला.

मग खुर्चीत बसले. "सिस्टर, दीड वर्ष. दीड वर्ष मी त्या लोकांना शपथेवर सांगतोय की आम्ही तसे नाही."

"तो बाप्तिस्मा खरा आहे ना?"

"खरा आहे! तीच तर पंचाईत. खोटा असता तर पुसून टाकला असता."

मी विचारलं, आता काय करू. त्यांनी झगा डोक्यातून ओढून काढला. मग म्हणाले, "दहा नोव्हेंबर होऊ द्या. मतदान होऊ द्या. मग शांतपणे घरातल्या घरात सांगू."

मला इतकं बरं वाटलं की रस्ताभर मी मनात त्यांना आशीर्वाद देत आले. पाळकांनीच सांगितलं म्हटल्यावर माझं काय?

७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी आठला पाळकसाहेब दारात. दाढी केलेली नाही. चहा नको म्हणाले.

"मी काल चुकीचं बोललो. फसवून एक झालो तर ते एक होणं नाही. तुम्ही आधी सांगा. करार मोडला तर मोडला."

"तुम्ही सांगा ना माझ्या वतीनं."

"नाही, सिस्टर. पाणी तुमच्या हातचं."

कालचा आशीर्वाद मी परत घेतला. बायबल पालथं घालून बघितलं, कुठेतरी सुटका सापडेल म्हणून. सापडली नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

ठिपका घरी आली! एक हजार नऊशे वीस. घरी म्हणजे सूनबाईच्या माहेरी. मी इथली खोली तयार ठेवली होती, पडदे धुतले होते, तापमान मोजायला भिंतीवर यंत्र लावलं होतं. चौतीस वर्षं हेच केलेली सासू घरात असताना ती माहेरी का गेली, ते मला कळत नाही. लेक नुसता म्हणाला, "आई, तिला तिकडं बरं वाटेल."

संध्याकाळी बघायला गेले. म्हटलं, आण, अंघोळ घालते. सूनबाई म्हणाली, "आई घालेल." तिची आई. विहीणबाईंना बाळाचं डोकं नीट धरता येत नाही. निघताना सूनबाई दारापर्यंत आली. म्हणाली, "आई, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचंय का?"

"पोरीला थंडी लागू देऊ नकोस," म्हटलं.

ती तशीच उभी राहिली. आजकालच्या मुलींना काय हवं असतं, खरंच कळत नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी ह्यांना आधी सांगितलं. ह्यांनी चप्पल घातली, म्हणाले, "चल." आम्ही दोघं व्याह्यांकडे. व्याही भाजी निवडत बसले होते, विहीणबाई बाळाचे कपडे घड्या करत होत्या, सूनबाई बाळाला घेऊन पलंगावर. लेक कामावर.

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. कुपी, तीन थेंब, सगळं.

व्याह्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. सूनबाई शांतपणे म्हणाली, "मी पाहिलं होतं."

"काय?"

"काचेबाहेरून. तुमचं बोट, तुमचे ओठ. सगळं कळलं मला."

"मग थांबवलं का नाहीस?"

"थांबवता आलं असतं. काचेवर थाप मारली असती तरी पुरे." तिचा आवाज चिरकला. "त्या क्षणी मला वाटलं, कोणीतरी काहीतरी करतंय तर करू दे. पप्पांच्या तोंडाकडे बघता येईना त्यानंतर मला. ते पाणी मी माफ केलं असतं, आई. तेव्हाच, सप्टेंबरातच केलं असतं. पण तुम्ही सांगेचनात. सहा आठवडे मी विचारतेय, आणि तुम्ही म्हणताय पोरीला थंडी लागू देऊ नकोस."

व्याही उठून बाहेर गेले. विहीणबाईंनी मला पाणी दिलं. मी ग्लासाकडे बघत राहिले, मग प्यायले. पंधरा मिनिटांनी व्याही आले. डोळे लाल.

"मी सुताराला काय सांगू? तो बरोबर होता असं?"

"मीच सांगेन. दहा तारखेला, सगळ्यांसमोर."

"का केलंत, ते तरी सांगा. तुम्हाला माझ्या मुलीचा शब्द माहीत होता."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हेच बोलले. आमचं पहिलं. मुलगा. सहा तास जगला. मी भुलीखाली होते, आणि कोणाला सुचलं नाही, की धीर झाला नाही. तेव्हाचे पाळक म्हणाले, बाप्तिस्मा नाही, त्यामुळे पुरा विधी नाही. दफनभूमीत मागच्या भिंतीजवळ जागा दिली. हे एवढंच बोलले, आणि चिटणीस असल्यासारखं सरळ उभे राहिले.

व्याही माझ्याकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही चाळीस वर्षं असं धरून चाललात की देवानं ते लेकरू जवळ घेतलं नाही?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी कधी विचारलं नाही. उत्तर काय येईल ह्या भीतीनं."

"आमच्याकडे पाणी नसतं तान्ह्यांना. आमचीही गेलीत. दोन माझीच. मी एकाही दिवशी असं धरलं नाही." आवाजात राग होता, अजूनही. "तुमच्याकडून शिकायला मी दीड वर्ष बैठकांना येतोय. एवढं एक तुम्हीही आमच्याकडून घ्यायचं होतं."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. ते अजून रागावलेले होते आणि तो त्यांचा हक्क होता.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी चहाच्या वेळी हे म्हणाले, "तो कसा दिसत होता हे तू मला कधी विचारलं नाहीस."

मी म्हटलं, "तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"केस भरपूर होते. उजव्या कानाची पाळी दुमडलेली, माझ्या आईसारखी. माझं बोट धरलं होतं त्यानं."

"किती वेळ?"

"बराच वेळ."

चहा निवला. पुन्हा केला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

इनचार्जला सांगायचं राहिलं होतं. वॉर्डाच्या दाराशी सांगितलं. ती शिकाऊ होती तेव्हाही माझ्यापुढे मान वर करत नसे. आज केली. "मॅडम, मरणासन्न बाळाला बाप्तिस्मा हवा असेल तर काय करायचं, ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आधी आईला विचारायचं. मग हात धुवायचे. तुम्ही हात धुतलेत."

खरं आहे. चौतीस वर्षांत एकदाही न विचारता केलं नाही. फक्त घरच्या बाळाला केलं.

वॉर्डात माझा प्रवेश बंद. योग्य आहे. मी असते तरी हेच केलं असतं.

१० नोव्हेंबर, रविवार

घरी आल्या आल्या लिहितेय.

सभा आमच्या चर्चमध्ये. डावीकडे आम्ही, उजवीकडे ते, मधली वाट मोकळी, जणू लग्नातले दोन पक्ष. ठिपकाला गर्दीत आणायचं नव्हतं, विहीणबाई तिला घेऊन घरी थांबल्या. ह्यांनी कलमं वाचली. अकरा झाली. बाराव्याला हे थांबले आणि म्हणाले, "ह्याआधी माझ्या पत्नीला बोलायचंय."

पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणून साधं सांगितलं. मी आजी आहे. माझ्या नातीच्या आईबापांनी ठरवलेलं मला माहीत होतं. मी ते मोडलं, चोरून, आणि सहा आठवडे लपवलं. बाराव्या कलमावर सही व्हायच्या आधीच मी ते मोडलंय.

मग सुतार उठला. ओरडेल असं वाटलं होतं. तो हळू बोलला, आणि ते जास्त लागलं. "मी दीड वर्ष वेडा ठरलो," म्हणाला. बायकोला, दोन सुनांना घेऊन निघून गेला. त्याच्यामागे आणखी तीन-चार घरं. बाकांचे पाय फरशीवर घासत होते.

आणि मग आमच्या बाजूनं शिंपीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "चांगलं केलंत, सिस्टर! लेकरू वाचवलंत!" चार जणांनी माना डोलावल्या. सुताराच्या बोलण्यापेक्षा हे मला असह्य झालं. मी म्हटलं, "नाही. मी माझी भीती वाचवली." असं काही बोलायचं मी ठरवलं नव्हतं. त्याचा पुरता अर्थ अजून मलाही लागलेला नाही.

सूनबाई उठली. मधल्या वाटेत येऊन उभी राहिली, ना डावीकडे ना उजवीकडे. "माझ्या मुलीवर ते पाणी पडलंय. मी पाहिलं, आणि थांबवलं नाही. म्हणजे ह्यात मीही आहे. ती मोठी होऊन म्हणाली, मला तेवढं पुरे, तर पुरे. म्हणाली, मला आजोबांच्या टाकीत उतरायचंय, तर उतरेल. आणि त्या वेळी दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी कृपा करून तोंड बंद ठेवायचं."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण. ते हसू रडण्याच्या इतकं जवळचं होतं की पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.

मग व्याही उठले. म्हणाले, "माझी सही हवी असेल तर बाराव्यात दोन वाक्यं घाला. एकमेकांना विचारल्याशिवाय करणार नाही. केलंच, तर लपवणार नाही." आमचे हे म्हणाले, दुसरं वाक्य कलमात बसत नाही, पहिलं पाळलं तर दुसऱ्याची गरज नाही. व्याही म्हणाले, "चिटणीस, आपण माणसं आहोत. गरज आहे."

हात वर करून मतदान. दोन्हीकडे वेगवेगळं बहुमत लागतं. आमचे चौऱ्याऐंशी विरुद्ध एकतीस. त्यांचे बावन्न विरुद्ध चव्वेचाळीस. झालं. टाळ्या नाहीत. मला वाटलं होतं आनंद होईल. मधल्या वाटेत सुताराच्या नातवाची टोपी पडली होती, ती मी उचलून खिडकीत ठेवली.

बाप्तिस्म्याची नोंद पाळकसाहेबांनी आईबापांच्या सहीनं घेतली. लेकानं सही केली आणि माझ्याकडे बघितलं नाही. त्याला वेळ लागेल.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी एकला इनचार्जचा फोन. "मॅडम, या. नियम मी बघते." का, ते सांगितलं नाही.

बाहेरच्या बाकावर सुतार. त्याची धाकटी मुलगी काल बाळंत झाली. सव्विसाव्या आठवड्यात, मुलगा, साडेसातशे ग्रॅम. मला बघून तो उभा राहिला, वाट अडवल्यासारखा.

"पाणी घेऊन आलात?"

"नाही. तुमच्या लेकीनं बोलावलंय का तेही मला माहीत नाही."

"बोलावलंय," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं होतं. ऐकत नाही."

आत इनचार्जनं डोळ्यांनीच सांगितलं. आता काही करण्यासारखं नव्हतं. सुताराची मुलगी खुर्चीत बसली होती, ओळखीची, लहानपणी रस्त्यावर मीच शेंबूड पुसलेली पोर. मी तिच्यापुढे खाली बसले. गुडघा कटकन वाजला. विचारलं, "तुला काय हवंय, बाळा?"

माझे हात शिवशिवत होते. ट्रॉली हाताशी होती. हे लिहायलाच हवं.

ती म्हणाली, "पाणी नको, मावशी."

"बरं."

"त्याला माझ्या कुशीत देतायत. नळ्या आहेत. मला भीती वाटते, माझ्याकडून काही होईल. तुम्ही दाखवा ना कसं धरायचं."

मी हात धुतले. इनचार्जनं बाळ उचललं, मी तिच्या गाऊनचे बंद सोडले, बाळ तिच्या छातीवर उघड्या अंगाला ठेवलं, वर मऊ कापड. डाव्या हाताचा तळवा डोक्यामागे, बोटं सैल, अंगठा कानाच्या खाली. दाबायचं नाही, नुसतं असू द्यायचं. दोन-तीनदा तिचा हात चुकला, मग बसला.

सुताराला आत बोलावलं. त्यानं प्रार्थना केली, सुचेल ती, मोठ्यानं, आणि मध्येच त्याला सुचेनासं झालं. तिनं बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मावशी, तुमच्याकडे छापील असते ना? ती म्हणा. पप्पा थांबलेत तिथून."

मी सुताराकडे बघितलं. विचारलं, "म्हणू?"

तो मुलीच्या हाताकडे बघत होता. तसाच म्हणाला, "म्हणा."

पाठ आहे मला ती, लहानपणापासून. तरी दोनदा अडखळले.

बाळ चार वीसला गेलं. इनचार्जनं वेळ लिहिली. सुतार जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आला.

घरी आले तेव्हा सूनबाई ठिपकाला घेऊन आलेली, ह्यांच्याशी गप्पा मारत. माझा चेहरा बघून तिनं काही न विचारता बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा करायला गेली. ह्यांनी विचारलं, "काय केलंस तिथे एवढा वेळ?"

मी म्हटलं, "काही नाही हो. डोकं कसं धरायचं ते दाखवलं."